फायनल पाहिली कुणी?

भोकरची पोरगी कॉलेजच्या संघातून नांदेडला खेळायला जाते. बास्केटबॉल असो, कबड्डी असो की खो-खो. शेवटच्या मिनिटाला तिनं सामना काढला तरी तिच्या आईला तो दिसत नाही. आईला दिसतो दोन दिवसांनी पेपरात आलेला फोटो. त्यात संस्थेचे पदाधिकारी पुढं खुर्चीवर, ट्रॉफी त्यांच्या हातात, आणि पोरगी मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआड.

अमेरिकेत कॉलेजचा बास्केटबॉल अख्खा देश पाहतो. २६ मार्च १९७९ ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगन स्टेट आणि इंडियाना स्टेट या विद्यापीठांची फायनल झाली. एकीकडं मॅजिक जॉन्सन, दुसरीकडं लॅरी बर्ड. पुढं बास्केटबॉलमध्ये गाजलेले हे दोघंही तेव्हा विद्यार्थी. त्या सामन्याला टीव्हीवर मिळालेलं रेटिंग तिथं बास्केटबॉलच्या दुसऱ्या कुठल्याच सामन्याला आजवर मिळालेलं नाही. २०१० मध्ये याच स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा १४ वर्षांचा करार १०८० कोटी डॉलरला झाला. घाम गाळणाऱ्या पोरांच्या हाती मात्र वर्षानुवर्षं शिष्यवृत्तीच राहिली; कॉलेजांनी त्यांना थेट पैसे देण्याची वाट कोर्टातल्या तडजोडीनंतर २०२५ मध्ये मोकळी झाली. ती लूट आपल्याला नको. पोरांचा खेळ लोकांपुढं आणायची हौस तेवढी घ्यावी.

आपल्याकडं जमत नाही, असं कुणी सांगू नये. बैलजोड्यांचा शंकरपट यूट्यूबवर लाइव्ह असतो, वर ड्रोन फिरतो, जोडीच्या मालकाचं नाव गावासकट पुकारलं जातं. टेनिस बॉलच्या गावच्या स्पर्धेतही स्क्रीनवर धावफलक हलतो. कॉलेजच्या पोरांचे सामने तेवढे बहुतेक वेळा मैदानावरच संपतात.

बास्केटबॉल तर दाखवायला सगळ्यात सोपा. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. मधल्या रेषेसमोर, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल स्टँडला लावला की दोन्ही रिंगा नजरेत येतात. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. दोन तासांच्या आत सगळं उरकतं. नेट जातं? मग रेकॉर्ड करा आणि रात्री टाका. कॉमेंट्रीला मुंबईहून माणूस आणायची गरज नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच संघातून खेळलेली सीनियर माईकवर बसवा. फाउल कुणाचा, फ्री थ्रो कशासाठी, हे ती आपल्या बोलीत सांगेल आणि घरी बसलेल्या आजोबांनाही कळेल.

२०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या, त्या टीव्हीवर आल्या. चांगलं झालं. पण तिथपर्यंत पोचणारे मोजके. भोकर, किनवट, उदगीर, अहमदपूरच्या पोरांची फायनल म्हणजे विद्यापीठाचीच फायनल.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. विद्यापीठाकडं क्रीडा विभाग आहे, माध्यमशास्त्र संकुलही आहे. दोघांनी एका टेबलावर बसावं. खेळ यांचा, कॅमेरा त्यांच्या विद्यार्थ्यांचा. त्यांनाही खरं काम शिकायला मिळेल. स्पर्धेच्या यजमान कॉलेजला जे पत्र जातं, त्यात मैदान, पंच आणि जेवणाच्या सोयीखाली एक ओळ वाढवा: उपांत्य आणि अंतिम सामन्यांचं थेट प्रक्षेपण. सुरुवात मुलींच्या सामन्यांपासून करा. आणि प्राचार्य महोदय, पैशाची अडचण सांगू नका. उद्घाटनाच्या शाली आणि हार कमी केले तरी मोबाइलचा स्टँड आणि माईक येतो. या हंगामातच आणा.