नॉर्मन सरदाराचे केस

सॅक्सन नायिका आणि नॉर्मन सरदार अशी जोडी असलेली इंग्रजी प्रणयकादंबरी हाती लागली की मला जेवणाखाण्याची शुद्ध राहत नाही. कथानक ठरलेलं. 1066 साल, हेस्टिंग्जची लढाई नुकतीच संपलेली, विजेता नॉर्मन विल्यम आपल्या माणसांना इंग्लंड वाटून देतोय. एकाच्या वाट्याला गढी येते आणि गढीबरोबर नायिका. 'प्राण गेला तरी तुझी होणार नाही,' असं ती ठणकावते. दीडशे पानांनंतर प्राण जागच्या जागी असतो, बाकी सगळं गेलेलं असतं.

मुखपृष्ठावर सरदाराची छाती उघडी आणि केस खांद्यावर रुळणारे. आता याच लढाईची चित्रं असलेलं बायोचं ते प्रसिद्ध भरतकाम पाहा. त्याच शतकातलं, जवळजवळ 70 मीटर लांब. त्यात नॉर्मन वीर मानेपासून थेट टाळूपर्यंत डोकी मागून भादरून हिंडताहेत. मिशा बाळगणारे ते सॅक्सन. म्हणजे मुखपृष्ठाला शोभेल असा गडी लढाई हरलेला.

छातीचं तर विचारूच नका. कड्यांचं चिलखत दहा किलोच्या आसपास, आणि त्याला पुढून बटणं नाहीत. भरतकामाच्या खालच्या काठावर मेलेल्यांची चिलखतं काढणं चाललंय: उशीचा अभ्रा ओढावा तशी, उलटी करून डोक्यावरून. जिवंत सरदाराने नायिकेसमोर हे कसं उरकलं असेल? हात वर, तोंड आत, आणि आतून फ्रेंचमध्ये मदतीचा धावा. तिला फ्रेंच येत नाही.

त्यात एकांताची बोंब. गढीचं मुख्य दालन म्हणजे मधोमध पेटलेली आग, चिमणी नाही, आणि बहुतेक नोकरचाकर तिथेच पथारी टाकून झोपलेले. अशा रात्री डोळे पाणावले तर ते प्रेमाने नव्हे.

सरदाराची खरी ओढ जमिनीकडे. विल्यमने 1086 साली डूम्सडे नावाचं जमिनीच्या नोंदींचं पुस्तक करवलं. त्यात नांगर, पाणचक्क्या, डुकरं चारायचं रान, सगळं आलं. जुन्या मालकाची मुलगी किंवा विधवा बायको म्हणून घरात आली की कब्जा आणखी पक्का. बायका काही खुळ्या नव्हत्या. कितीतरी जणी मठात शिरल्या. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांना निवाडा द्यावा लागला, की देवाच्या ओढीने नव्हे तर फ्रेंचांच्या, म्हणजे नॉर्मनांच्या, धास्तीने आत गेलेल्यांनी खुशाल बाहेर यावं.

आणि याच मठांत खरी नायिका सापडते. एडिथ, स्कॉटलंडच्या राजाची मुलगी, आईकडून सॅक्सन राजघराण्याची. विल्यमचा धाकटा मुलगा पहिला हेन्री 1100 च्या ऑगस्टमध्ये गादीवर बसला आणि त्याने हिला मागणी घातली. लोक म्हणाले, ही तर जोगीण, हिच्या डोक्यावर पदर पाहिलाय. एडिथने आर्चबिशप अँसेल्मना सरळ सांगितलं: तो क्रिस्टिना मावशीने घातलेला. नॉर्मनांपासून वाचवायला ती काळं फडकं डोक्यावर टाकायची, काढलं की थोबाडीत द्यायची. मावशीची पाठ वळली की मी ते जमिनीवर आपटून पायाखाली तुडवायचे!

धर्मसभेने पोरीचं म्हणणं मान्य केलं. 11 नोव्हेंबरला लग्न झालं. नॉर्मन सरदारांनी राजाराणीला गॉड्रिक आणि गॉडगिफू अशी खास गावठी सॅक्सन नावं ठेवली, आणि हेन्रीने राग गिळून ते हसण्यावारी नेलं. तो काही एकपत्नीव्रती नव्हता. त्याची लग्नाबाहेरची वीसहून जास्त मुलं नोंदलेली आहेत. चावटपणाच हवा असेल तर तोही इथे आहे.

या विषयावर लिहिणाऱ्या समस्त लेखिकांना माझं हात जोडून सांगणं आहे: सरदाराचं डोकं मागून भादरा, चिलखत काढायला दोन नोकर ठेवा आणि निम्मी कादंबरी मावशीला द्या.