विस्कळीत, पण पूर्ववत

जुलैचा पहिला जोरदार पाऊस पडण्याआधीच मराठी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत एक शब्द जुळवून ठेवलेला असावा : विस्कळीत. लोकल विस्कळीत, पाणीपुरवठा विस्कळीत. जनजीवन तर दरसाल.

तसे पसाऱ्याला मराठीत शब्द कमी नाहीत. केस विस्कटतात, खोली अस्ताव्यस्त असते, हिशेब भोंगळ आणि माणूस गबाळा. पण या शब्दांत एक खोट आहे. ‘ढिसाळ’ म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतं, कुणाचा कारभार? ‘विस्कळीत’ला कर्ताच लागत नाही. दव पडावं तसं ते आपोआप होतं. म्हणूनच विरोधी बाकांवरून जो नाला ढिसाळ कारभाराचा नमुना दिसतो, तोच खुर्चीवर बसल्यावर ‘वाहतूक काहीशी विस्कळीत’ एवढाच उरतो. (‘काहीशी’ हा या शब्दाचा सख्खा भाऊ.)

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या जागच्या जागी थिजल्या, माणसं गुडघाभर, कंबरभर पाण्यातून चालत घरी निघाली. जनजीवन तेव्हाही विस्कळीतच झालं होतं. आणि डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे रुळाला तडा जाऊन गाड्या वीस मिनिटं रखडतात, तेव्हाही विस्कळीतच. थंडीत पोलाद आकसतं. शब्द बारा महिने ऐसपैस.

डोंबिवलीच्या फलाटावर आठ-अकराची फास्ट इंडिकेटरवरून गुपचूप नाहीशी होते. ‘तांत्रिक बिघाडामुळे’पर्यंतच घोषणा ऐकू येते, पुढची दिलगिरी गर्दीत विरते. कुणी चिडत नाही. शंभर अंगठे एकदम मोबाइलवर चालू लागतात : ‘सर, गाड्या विस्कळीत. उशीर होईल.’ बहुतेक सर त्याच फलाटावर, दोन डबे पुढे उभे असतात.

हा शब्द गुन्हेगार नेमका पकडतो तो एकाच ठिकाणी. सातवीतल्या मुलाच्या ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाखाली लाल शाईत शेरा येतो, ‘मांडणी विस्कळीत’, आणि दहातले चार गुण तिथल्या तिथे कापले जातात. मुलाला ओव्हरहेड वायरचं कारण सांगता येत नाही.

संध्याकाळी बातमी येते : वाहतूक पूर्ववत. म्हणजे आदल्या दिवशी होती तशी. आठ-अकराची आठ-सव्वीसला.