येऊ द्या, येऊ द्या!

गाडीचा पुढचा बंपर मालकाच्या ताब्यात असतो, मागचा जनतेच्या. पुढे कशावर आपटायचं, किती जोरात आपटायचं आणि नंतर कुणावर खेकसायचं, हे सगळं चालवणाऱ्याच्या मर्जीवर. मागचं सगळं दैवाधीन. तुम्ही सिग्नलला न्यूट्रल टाकून, पाय ब्रेकवर ठेवून, झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे सज्जनपणे उभे असता आणि मागून एक स्कूटर हलकेच येऊन गाडीला चाक लावते. तुम्ही काच खाली करून मान बाहेर काढलीत की स्कूटरवाला आधीच दुखावलेला असतो. "लागलं नाही हो, टेकलंय नुसतं!"

पुण्यात राहून मागचा बंपर निष्कलंक ठेवायचा, असं व्रत माझ्या नवऱ्याने घेतलेलं आहे. गाडी आम्ही दोघंही चालवतो, हप्ते दोघांनी फेडले, पण बंपर त्याचा. मी भाजी घेऊन आले की तो पिशवीकडे बघत नाही, आधी खाली जाऊन गाडीची पाठ बघून येतो.

माझ्या माहेरी असला प्रकार नव्हता. वडिलांची फियाट होती, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी. तिला पुढे-मागे चकचकीत क्रोमचे पोलादी बंपर आणि त्यांवर दोन-दोन उभे ठोकळे. कुणी येऊन आपटलं तर ठण्ण आवाज व्हायचा. वडील उतरायचे, आपटणाऱ्याच्या गाडीचं काय झालं ते सहानुभूतीने बघायचे, खिशातल्या रुमालाने बंपर पुसायचे आणि पुन्हा बसायचे. बंपर आपटून घेण्यासाठीच असतो, याबद्दल त्या पिढीच्या मनात शंका नव्हती.

आता जे बाहेरून दिसतं ते नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर, गाडीच्याच रंगात रंगवलेलं. त्याच्या आत फोमचा किंवा तसाच काही दबणारा थर, आणि त्याच्याही आत, नशीब असेल तर, लोखंडी आडवा बीम. धक्का शोषायचं काम आतली मंडळी करतात आणि अब्रू जाते बाहेरच्या कव्हरची. प्लॅस्टिक दबून पुन्हा जागेवर येतं, रंग येत नाही. म्हणजे राखणदार म्हणून ज्याची नेमणूक झाली, त्यालाच आता राखायची वेळ आली आहे. हा राखणदाराचा राखणदार शोधण्यात माझ्या नवऱ्याचं उमेदीचं वय चाललंय.

अमेरिकन सरकारनेही याच कामात बरीच वर्षं घालवली, हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. तिथे १९७३ सालच्या गाड्यांपासून नियम आला. पुढून ताशी पाच मैल आणि मागून अडीच मैल वेगाने अडथळ्यावर आदळली तरी गाडीचे दिवे, टाकी, झाकणं वगैरे धड राहिली पाहिजेत. पुढच्याच वर्षी मागच्या बंपरलाही पाच मैलांची अट लागली. मग तिथल्या सुंदर गाड्यांना ओटीवर बसायच्या बाकाएवढे बंपर आले. कंपन्या कुरकुरल्या, वजन वाढलं, आणि १९८२ मध्ये सरकारने पाचाचे पुन्हा अडीच केले. अडीच मैल म्हणजे ताशी चार किलोमीटर. हे ऐकून नवरा हसला. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडवर कुणी ताशी चार किलोमीटरने निघाला, तर लोक वळून बघतील आणि शिव्या देतील, हळू चालव म्हणून.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. आमची गाडी त्यानंतरची. बंपरमध्ये गोल बटणांसारखे हे सेन्सर बसवलेले असतात, ते माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतात आणि आपटून परत यायला त्याला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतात. लांब असलं तर टूं... टूं..., जवळ आलं की टूंटूंटूं, आणि अगदी भिडायला आलं की नुसता टाहो. ज्याने हे शोधलं त्याच्या डोळ्यांसमोर रिकामं मैदान आणि त्यात एकच भिंत असावी. आमच्या गल्लीत रिव्हर्स टाकल्याबरोबर टाहो सुरू होतो आणि गाडी रस्त्याला लागेपर्यंत थांबत नाही. मागे दुचाकी, दुचाकीमागे केळ्यांची हातगाडी, तिच्यामागे केळी घेणारी माणसं. यातल्या कशापासून किती अंतर आहे हे यंत्राला सांगता येत नाही; सगळंच जवळ आहे, एवढं ते कळवळून सांगतं. आणि ज्याबद्दल सांगायला हवं ते त्याला दिसत नाही. बारीक खांब, गुडघ्याखालचा दगड, तिरकी सळई हे सगळं निसटतं. मऊ वस्तूंवरून तर आवाज नीट परतच येत नाही. कापूस, गोधडी, बारदान यांच्या बाबतीत सेन्सर निर्धास्त. शिवाय हे डोळे ज्या बंपरला राखायला बसवले, त्याच बंपरमध्ये बसवल्याने आता बंपर फुटला की डोळ्यांचंही बिल येतं.

म्हणून अजूनही खरा भरवसा माणसावर. आमच्या सोसायटीचे वॉचमनमामा ही कला जाणतात. मी गाडी मागे घ्यायला लागले की खुर्चीतून उठतात, टोपी नीट करतात, गाडीच्या मागे बरोबर अशा जागी उभे राहतात की कुठल्याही आरशात दिसू नयेत, आणि तिथून सुरू करतात, "येऊ द्या... येऊ द्या... लई जागा हाय... येऊ द्या..." तळहाताने डिकीवर हलक्या थापा चालू. एसटीचा कंडक्टर फलाटावरून गाडी मागे काढताना शिट्टी फुंकतो, त्यात एक शिस्त असते. शिट्टी थांबली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. मामांच्या "येऊ द्या"मध्ये आदरातिथ्य जास्त असतं. पाहुण्यांना "अजून एक पोळी" म्हणावं तसं ते "अजून येऊ द्या" म्हणतात. एकदा असंच येऊ देता देता मोठा आवाज झाला. उतरून बघते तर पार्किंगच्या खांबाला बंपरचा डावा कोपरा चिकटलेला. मी म्हटलं, "मामा, अहो, बस म्हणायचं ना!"

मामा शांतपणे म्हणाले, "मी बस म्हननारच हुतो ताई. त्येच्या आदी खांब आला."

त्या संध्याकाळी नवऱ्याने पोचा स्वतः काढला. प्लॅस्टिकच्या पोच्यावर उकळतं पाणी ओतलं की ते मऊ पडतं, मग आतून हाताने दाबलं की पोचा बाहेर येतो. हे खरंच होतं, मी पाहिलंय. तो वरून कढत पाण्याची पातेली आणतोय, चाकाच्या बाजूने आत हात घालून घामाघूम होतोय, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारतायत, "काय रे, गाडीला बाळंतिणीचं पाणी का?" पोचा टप्पकन बाहेर आला. ओरखडा राहिला. तो हातभर आहे आणि त्यात खांबाचा पिवळा रंग भरलाय.

विमा आहे की, असं मला वाटायचं. नवऱ्याने मला कागद घेऊन समजावलं. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले हजार रुपये आपले. प्लॅस्टिकच्या भागावर पन्नास टक्के घसारा कापतात, तोही आपला. वेगळे पैसे भरून झिरो डेप घेतलं असेल तरच सुटका. आणि एवढ्यासाठी दावा केला की नो क्लेम बोनस गेला, जो २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. आमचा ५०ला पोचलेला होता. नवरा त्या ५० टक्क्यांबद्दल मुलाच्या मार्कांपेक्षा जास्त अभिमानाने बोलतो. तेव्हा ओरखडा विम्यात बसला नाही, मनात बसला.

मग पोलादी गार्ड झाला. नाना पेठेतल्या एका दुकानातून वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांचा जाडजूड गार्ड आला. पुढे-मागे असले सांगाडे लावून फिरणाऱ्या गाड्यांवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलंय, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते पुढच्यासाठी असेल. मी कारणही सांगितलं: जो दणका फोम आणि बंपरने वाटेत खाऊन टाकायचा, तो या नळ्यांवरून थेट गाडीच्या सांगाड्यात जातो. तो म्हणाला, स्कूटर टेकल्याने कसला दणका! पण गार्ड बसवून आला तेव्हा बोलेना. खाली जाऊन पाहिलं, तर गार्ड घट्ट बसावा म्हणून कारागिराने बंपरला भोकं पाडली होती. पुढे चौकात मामांनी अडवलं (हे वाहतूक पोलिसांतले मामा, आमचे नव्हेत), दंड झाला, गार्ड उतरला, भोकं राहिली. आता त्यांवर काळी रबरी बुचं आहेत आणि लांबून पाहणाऱ्याला गाडीला जादा सेन्सर असल्यासारखं वाटतं.

माझा भाचा न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला असतो. तिथे गाड्या रात्रंदिवस रस्त्याच्या कडेला आणि दोन गाड्यांत वीतभर जागा. झाडलोट करणारा ट्रक येणार म्हणून ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी गाड्या उचलायच्या आणि नंतर पुन्हा त्याच वीतभर जागेत घुसवायच्या. घुसवताना पुढच्याला थोडं ढकललं, मागच्याला थोडं रेटलं, हे तिथे धरून चालतात. त्यावर तिथल्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे जाड काळ्या रबराची चटई. तिचे पट्टे डिकीत अडकवायचे, डिकी लावायची, चटई बंपरवर लोंबती. गाडी उभी असताना लावायची, निघताना आत टाकायची. भाचा गेल्या खेपेला आला तो दरवर्षीच्या बदामांऐवजी ही चटई घेऊन. सासूबाईंनी बॅग उघडल्यावर बराच वेळ तिच्याखाली बदाम शोधले.

चटईने पुण्यात फार दिवस काढले नाहीत. निघताना ती आत टाकायची आम्ही विसरायचो आणि मग सबंध कर्वे रोडभर लोकसेवा चालायची. साइड स्टँड वर नसला तर अनोळखी माणूस दोन चौक पाठलाग करून सांगेल, असं हे गाव. एक मुलगा डाव्या काचेवर टकटक करायचा, उजवीकडून एक काकू हातवारे करायच्या, "मागून काहीतरी लोंबतंय!" आणि मागचा स्कूटरवाला नक्की काय लोंबतंय ते बघायला इतका जवळ यायचा, की टेकायचाच. उभ्या गाडीपाशी तर दुचाकीवाल्यांनी उरलासुरला संकोचही सोडला. पूर्वी चाक अलगद टेकवायचे, आता खुशाल दाबून लावायला लागले, रबर होतंच. शेवटी एका सकाळी चटई दिसेना. काही दिवसांनी ती कोपऱ्यावरच्या अमृततुल्यच्या दारात पायपुसणं होऊन पडलेली आढळली. नवरा तावातावाने जाब विचारायला गेला. अर्ध्या तासाने चहा पिऊन परत आला. म्हणाला, तिथे बरी शोभतेय.

ट्रकवाल्यांचा याबाबतीत अनुभव मोठा. ते यंत्रांवर विसंबत नाहीत. मागे काळी बाहुली, जुनी चप्पल आणि भरपूर मजकूर. ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५मध्ये बंदी घातली खरी, पण बाकीच्या साहित्याला हात लावायची कुणाची हिंमत झालेली नाही. लिंबू-मिरची मी सुचवली. नवऱ्याची विज्ञाननिष्ठा आड आली. पाटीची कल्पना मात्र त्याने उचलून धरली. पाटी लिहिणं हे पुणेकराला जन्मतःच येतं. पहिला खर्डा असा होता: ‘ही गाडी थांबते. आपणही थांबावे.’ त्यात पुढे भर पडत गेली. ब्रेक हा भाग सर्व वाहनांना दिलेला असतो, ही माहिती आली. ‘नुसते टेकणे’ या सबबीचा विचार केला जाणार नाही, हा इशारा आला. सरतेशेवटी ‘बंपर नवीन आहे, मालक जुना आहे’ हे वाक्य आलं, ज्यावर तो स्वतःच खूश होता. एवढं सगळं मावावं म्हणून स्टिकरवाल्याने अक्षर बारीक केलं.

परिणाम व्हायचा तो झाला. सिग्नलला मागचा माणूस वाचायला लागला. वाचता येईना म्हणून पुढे सरकला. दुसऱ्या ओळीला आणखी थोडा. आम्ही आत बसून सेन्सरवरून सांगू शकत होतो, गडी कितव्या ओळीवर आहे ते.

डेक्कनच्या सिग्नलला एक गृहस्थ शेवटच्या ओळीपर्यंत आले. चांगलंच टेकले. नवरा उतरला, इतक्या वर्षांची भाषणं त्याच्या ओठांवर होती. गृहस्थ सत्तरीचे, डोक्यावर हेल्मेट नाही, पण नाकावर वाचायचा चष्मा. त्यांनी स्कूटर जराही मागे घेतली नाही. स्टिकरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "‘नवीन’मधला वी दीर्घ असतो. तुम्ही ऱ्हस्व काढलाय. आमच्या वर्गात असतात तर छडी खाल्ली असतीत."

नवरा काही बोलला नाही. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तो येऊन गुपचूप बसला. ओरखडा अजून तसाच आहे. वी मात्र त्याच संध्याकाळी दीर्घ झाला.