भूमिकेचं प्रतिज्ञापत्र

1987 साली 'रामायण' दाखवून दूरदर्शनने निवडणूक आयोगाचं केवढं काम हलकं केलं, याची नोंद कुठेच नाही. रविवारी सकाळी टीव्हीला हार घालून, उदबत्ती ओवाळून ज्यांची ओळख पटलेली, त्यांची आणखी छाननी ती कसली? 1991 मध्ये बडोद्याने सीतामाईंना, म्हणजे दीपिका चिखलिया यांना, लोकसभेत धाडलं. त्याच निवडणुकीत साबरकांठ्याने अरविंद त्रिवेदी, अर्थात रावण, यांनाही. दोघंही भाजपचेच.

आता सुधारणा एकच हवी. प्रतिज्ञापत्र नटाचं कशाला? भूमिकेचंच घ्यावं. मालमत्ता : लंका, सोन्याची. वाहन : पुष्पक, मूळ मालक सावत्र भाऊ, हस्तांतराची कागदपत्रं नाहीत. गुन्हे : अपहरण, साक्षीदार अख्खा देश. फिर्यादी : त्याच पक्षाच्या बाकांवर, तक्रार काही नाही.

निष्कलंक उमेदवाराने मात्र धीर धरावा. अरुण गोविल मेरठमधून निवडून आले ते 2024 मध्ये. वनवास 14 वर्षांत आटोपला होता. लोकसभेत रामाचा नंबर रावणानंतर 33 वर्षांनी लागला.