झेनकाका

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतो, ज्याचा चेहरा कमी आणि बॉनेटखाली वाकलेली पाठ जास्त ओळखीची असते. आमच्याकडे ते झेनकाका. निवृत्त, पेन्शन नियमित, कंबर अनियमित. गाडी १९९८ची मारुती झेन. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत खेटे घालून तिची पुन्हा नोंदणी केली, आणि ग्रीन टॅक्सची पावती लॅमिनेट करून ठेवली.

मध्यंतरी ती सिग्नलला थरथरू लागली आणि टॅपेट कव्हरच्या कडेनं तेल पाझरायला लागलं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं नुसतं बघून सांगितलं, "काका, पीसीव्ही जाम झालाय. गाडी ठिवून जावा, संध्याकाळी न्या." काकांना हे झोंबलं. दुखणं आपल्या गाडीचं आणि निदान परक्यानं करायचं? "बघतो" म्हणून ते गाडी घेऊन परत आले.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू निसटतो, तो खाली क्रँककेसमध्ये साठतो. पूर्वी तो नळीवाटे सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात धुरक्यानं लोकांचे डोळे चुरचुरले, तेव्हा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या गाड्यांवर हा छोटा पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. वायू परत इंजिनात ओढायचा आणि जाळून टाकायचा. व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. ही माहिती मी कुठे वाचलेली नाही. लिफ्टपाशी काकांनी दिली. लिफ्ट येऊन रिकामी गेली.

मग शोधमोहीम. काकांना कुणाची मदत लागत नाही, फक्त टॉर्च धरायला वॉचमन लागतो, आणि टॉर्च धरणाऱ्यानं बोलायचं नसतं. "जरा इकडे. इकडे म्हणजे माझ्या इकडे!" वरून काकूंचा आवाज : "अहो, पोहे गार झाले." "अगं, सापडला!" सापडला होता तो दुसराच काहीतरी पाइप. शेवटी इनटेक मॅनिफोल्डपासून एकेक नळी बोटानं चाचपत ते मुक्कामी पोचले. व्हॉल्व्ह निघाला, अंगठ्याएवढा, डांबरासारखा काळा. ज्या रबरी बुशात तो बसला होता, त्याचा मात्र भुगा झाला.

नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काकांनी नवा व्हॉल्व्ह कानाशी धरून खुळखुळवला. आतला दट्ट्या वाजला की माल चांगला.

"काका, नवाच आहे."

"म्हणूनच तपासतोय."

दुकानदारानं आणखी दोन काढून दिले. काकांनी तिन्ही वाजवून मधला पसंत केला.

घरी आल्यावर नवा टेबलावर ठेवून त्यांनी जुना सहज म्हणून कार्ब क्लीनरनं धुतला. हलवून पाहिला. खुळखुळला! काकांचा चेहरा उजळला. चालणारी वस्तू फेकायची म्हणजे काय? नवा खणात गेला, "असू दे, लागेल." राहता राहिला तो रबरी बुश. तर दुकानदार म्हणाला, सुटा मिळत नाही, व्हॉल्व्हसकट सेट घ्यावा लागेल.

झेन आता सिग्नलला शांत उभी राहते. गाडीत जुना व्हॉल्व्ह आहे, खणात दोन नवे. आणि काकू चमचे कुठे ठेवायचे ते विचारतायत.