जागचं न हलता परगावी

परभणीच्या स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला 'विद्यापीठ' म्हणा. कोणतं, असं तो विचारणार नाही. सरळ कृषी विद्यापीठाच्या दारात नेऊन सोडेल. दोन्ही अंगांना काळं रान, त्यात ज्वारी-सोयाबीनचे पाटी लावलेले प्लॉट. १९७२ सालचं हे विद्यापीठ २०१३पासून वसंतराव नाईकांचं नाव लावतं आणि मराठवाड्याचे आठही जिल्हे सांभाळतं. सातबारा पाहिला तर थोरल्या पातीचं घर. पोरं मात्र मोजकी. शेती शिकवायची तर पोरामागे वाफा लागतो, गोठा लागतो. बाकं वाढवून भागत नाही.

मग जिल्ह्यातली बाकीची पोरं कुठं आहेत? आहेत परभणीतच, पण कागदोपत्री परगावी. बी.ए., बी.कॉम. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. डॉक्टर व्हायचं तर पदवी नाशिकची. अभियांत्रिकीवाल्यांपैकी कित्येकांचा धनी थेट रायगडातल्या लोणेऱ्याला. गुरांचा दवाखाना शिकणारे तर नागपूरचे. चार भावंडं चार वाटांनी शिकली, तर भिंतीवर चार गावांच्या पदव्या लागतात आणि एकानंही परभणीची वेस ओलांडलेली नसते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावानं हे कसं सोसलं, कोण जाणे!

पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट तर खासच. ते आधी इथल्याच कृषी विद्यापीठाचं. २००० साली नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ निघालं आणि हे महाविद्यालय जागचं न हलता नागपूरला गेलं. गोठ्यातल्या म्हशींना कुणी कळवलंही नसेल. उलट नांदेडच्या नावानं गाजलेलं 'नांदेड-४४' हे कापसाचं वाण परभणीच्या विद्यापीठाचं. म्हणजे परभणीचा बी.ए. नांदेडचा आणि नांदेडची सरकी परभणीची. फिटंफाट झाली म्हणायची.

एखाद्या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या घटली-वाढली म्हणून डोकं धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. निजामाच्या राज्यात इथला पोरगा पदवीला हैदराबादेत उस्मानियाला जायचा. १९५८ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ला त्यातून नांदेड फुटलं. एका सहीसरशी औरंगाबादची हजारो पोरं कमी झाली. शाळा मात्र एकानंही सोडली नव्हती. पुण्यानं आधी कोल्हापूर, मग जळगाव वेगळं काढून दिलं, तरी त्याचं खटलं मोठं ते मोठंच. सोलापूर तर २००४ला एकाच जिल्ह्याचं वेगळं बिऱ्हाड करून बसलं. भाऊबंदकीत वाटणी झाली म्हणून कुणाची पोरं मेली असं होत नाही.

खरी घट-वाढ पाहायची असेल तर तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयात साध्या मंगळवारी डोकावा. हजेरीपटावर वर्ग भरगच्च. खोलीत मास्तर आणि पुढच्या बाकावरच्या तीन मुली. बाकीचे? काही पहाटे पोलीस भरतीची धाव मारून घरी झोपलेत, काही पुण्याच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं उशाला घेऊन बसलेत, काही सोयाबीनच्या काढणीला. परीक्षेला मात्र सगळे हटकून हजर, पेन उसनं मागत.

तेव्हा विद्यार्थिसंख्येचे आकडे जरूर वाचा, पण ते शिकणाऱ्यांचे आहेत असं समजू नका. ते परीक्षेच्या फॉर्मचे आहेत.