साठ दिवस आधी ठरलेला ताप

पनवेलला आमच्या नि शेजारच्या वहिनींच्या घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. बांधली कुंपण म्हणून. आता तिचा उपयोग पायपुसणी वाळत घालायला आणि कोपरं टेकायला. काल दुपारी वहिनींनी कोपरं टेकली आणि थेट "आमची पुरती शोभा झाली हो" इथूनच सुरुवात केली.

झालं होतं असं. चिऊ, म्हणजे त्यांची ज्युनियर केजीतली लेक, शिमग्याला आठ दिवस आजोळी जाऊन आली. शाळेत कळवलं होतं, ताप आहे. सोमवारी टीचरनी मायेनं विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" चिऊ म्हणाली, "मला कुठे काय झालं होतं? मी मांडवी एक्स्प्रेसनं आजीकडे गेले होते." एवढ्यावर थांबती तरी भागलं असतं. पण तिनं पुढे दप्तर डोक्यावर उलटं धरून शिमग्यातला संकासूर कसा नाचतो ते करून दाखवलं. वर्गातली दोन मुलं रडायला लागली.

"मग टीचर काय म्हणाल्या?"

"काही नाही. हसल्या नुसत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं हो."

मी विचारलं, खरं सांगायला काय झालं होतं? तर म्हणे त्याच आठवड्यात ओरल होती. चार वर्षांच्या पोरांची ओरल! लाल कुठला, पिवळा कुठला, हत्ती मोठा की उंदीर. आठ दिवसांत हत्ती काही लहान होणार नव्हता, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण माझ्या मुलाकडून मीही त्या वयात हेच घोकून घेतलंय, तेव्हा गप्प बसले.

शिवाय तिकिटाचा हिशोब. चिऊला पाच पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. पाचाच्या आतलं मूल वेगळा बर्थ न घेता रेल्वेत फुकट; पाच झाली नि बर्थ घेतला की मोठ्या माणसाएवढं भाडं. रत्नागिरीला उतरून पुढे एसटी, तिथेही पाचानंतर अर्धं तिकीट. "पुढच्या शिमग्याला ही तिकिटवाली बाई होणार," असं वहिनींचे अहो म्हणाले आणि बेत पक्का झाला. आता गंमत बघा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. वहिनी जानेवारीत सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसल्या होत्या. म्हणजे मार्चमध्ये चिऊला ताप येणार हे जानेवारीतच कन्फर्म झालं होतं. दिरांचं तेवढं वेटिंगवर राहिलं.

एवढ्यात मागच्या गल्लीतल्या काकू कढीपत्ता न्यायला आल्या. या काकूंनी उभा जन्म बालवाडीत काढलेला, तोही कोसबाडला शिकून. सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींवरच घसरल्या.

"अगं, कायद्यानं शाळेची सक्ती आहे ती सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. हिला पहिलीत जायला अजून सव्वा वर्ष आहे. आत्ता नाही न्यायची तर काय दहावीत नेणार आजीकडे?"

वहिनींना वाटलं, सुटलो.

"पण खोटं कशाला बोललीस? आमच्या कोसबाडला ताराबाई मोडक नि अनुताई वाघ होत्या. आदिवासी मुलं सकाळीच गुरं-शेळ्या घेऊन रानात जायची, शाळेत यायचीच नाहीत. मग यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. मूल येत नाही तर बाई उठून मुलाच्या मागे गेल्या. आणि तुम्ही, मूल आजीकडे गेलं तर त्याला ताप आणता!"

मला विचाराल तर चिऊची ओरल गाडीतच झाली. तिला वीसपर्यंत येतं. कोकण रेल्वेच्या मार्गावर बोगदे नव्वदच्या वर, तेव्हा वीस झाले की ती परत एकपासून सुरू करायची. करबुड्याच्या बोगद्यात मात्र गणित थांबलं. साडेसहा किलोमीटरचा तो बोगदा, संपता संपेना. चिऊ बाबांना म्हणाली, "रात्र झाली, जेवायला वाढा." डब्यातली माणसं हसली. मग उजेड आला तशी ती म्हणाली, "आता उद्या आहे." रात्र म्हणजे काय नि उद्या म्हणजे काय, हे त्या पोरीनं आपलं आपण लावून घेतलं. यावर मी घरी येऊन कितीतरी वेळ हसत होते.

पण काकूंचं संपलं नव्हतं. "आणि आता रोज फाटकाशी रडते ती?"

वहिनी गप्प. चिऊ सोमवारी बोलली खरी, पण मंगळवारपासून तिनं जूनमधल्या पहिल्या दिवसासारखं फाटक धरून ठेवलंय. आठ दिवस आजीच्या कुशीत, केव्हाही उठायचं, खळ्यात नुसतं हुंदडायचं. रविवारी रात्री अकराला घरात पाऊल आणि सोमवारी सकाळी युनिफॉर्म. मोठा माणूससुद्धा अशा सोमवारी रडेल, फक्त त्याला फाटक धरता येत नाही.

"तुमची आठ दिवस मजा झाली नि त्या टीचरचे चार दिवस हिला कडेवर घेण्यात चाललेत. वर्गात बाकीची पोरं आहेत की नाहीत?" काकू कढीपत्त्याची डहाळी नाचवत म्हणाल्या. "शुक्रवारी परतायचं. दोन दिवस घरात मुरू द्यायचं. आणि जाताना सांगून जायचं. मार्चात तिकडे काजू असतो ना? चार बोंडं दिली असतीस बरोबर. बी फळाच्या बाहेर लोंबते हे त्या टीचरनी तरी पाहिलंय का बघ."

बोंडांवरून आठवलं, वहिनींनी पिशवीभर आणली होती. अर्धी गाडीतच पिचली आणि चिऊच्या नव्या फ्रॉकवर डाग पडला, तो अजून गेला नाही. मी रिठ्यानं बघा म्हटलं, काकू म्हणाल्या तो जन्मात जायचा नाही.

मग विषय गणपतीवर गेला. शाळेची सुट्टी पाचच दिवस, आजीच्या घरचा गणपती दहा दिवसांचा. मधले दिवस कसे जमवायचे? तोवर चिऊचं तिकीटही पूर्ण लागणार. वहिनी बोटांवर साठ दिवस मागे मोजत होत्या. चिऊ भिंतीवर चढून बसली होती, शेवग्याची शेंग तलवारीसारखी धरून. तिनं अगदी गंभीरपणे विचारलं,

"आई, गणपतीला मला काय होणार आहे?"